मोठ्या नावाचा बोर्ड कशाला?

ताई,
पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडतेय. रायझन ५ ७६०० प्रोसेसर घेऊन झालाय, एक आटोपशीर मायक्रो-एटीएक्स कॅबिनेटही आलंय. जुन्या कॉम्प्युटरमधल्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आणि दोन हार्ड डिस्क आहेत, त्या यातच वापरायच्या म्हणतेय. काम मुख्यतः व्हिडिओ एडिटिंगचं, अधूनमधून गेम. ग्राफिक्स कार्ड काही महिन्यांनी घेईन. घोडं अडलंय ते मदरबोर्डपाशी. मामेभाऊ म्हणतो, एक्स६७०ईच घे, पुढची दहा वर्षं बघायला नको. मैत्रीण म्हणते, सगळ्यात साधा घे, बोर्डाने काही कॉम्प्युटर पळत नाही. दोघांनाही यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. याद्या वाचून डोकं भणभणलंय. चुकीचा बोर्ड घेतला तर बाकीचं सामानही वाया जाईल, ही धास्ती आहे. काय करू?
– स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेली

प्रिय स्क्रूड्रायव्हरवाली,

वाईट बातमी आधी देऊन टाकते. त्या दोन जुन्या रॅम या कॉम्प्युटरला लागणार नाहीत. तू घेतलेला ७६०० एएम५ सॉकेटचा आहे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) आणि एएम५वर फक्त डीडीआर५ चालते. यात बोर्डाची निवड वगैरे काही येत नाही. रॅमशी बोलणारा भाग प्रोसेसरच्याच आत असतो आणि या प्रोसेसरला डीडीआर४ची भाषा येतच नाही. दोन्ही रॅम शेजारी ठेवून पाहिल्यास तर लांबी तीच दिसेल, पिनाही २८८च. पण खालची खाच वेगळ्या जागी आहे. ती मुद्दाम तशी ठेवली आहे. बसत नाही म्हणून अंगठ्याने जोर लावू नकोस, स्लॉट तडकेल.

'डीडीआर४वालेही नवे बोर्ड मिळतात' असं तुला कुणी सांगितलं असेल तर तेही खोटं नाही. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटसाठी, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी, दोन्ही प्रकारचे बोर्ड निघाले. बोर्डाच्या नावात कुठेतरी 'डी४' किंवा 'डीडीआर४' लिहिलेलं असतं, तेवढाच फरक. अशी माहिती एका ठिकाणची दुसरीकडे चिकटते आणि नवख्या माणसाचा घोटाळा होतो. तुझ्यापुरतं पक्कं धर: एएम५ म्हणजे डीडीआर५. एकाच वेळी घेतलेल्या, एकाच पाकिटातल्या १६ जीबीच्या दोन स्टिक घे. एडिटिंगला तशाही ८-८ अपुऱ्याच पडल्या असत्या. हार्ड डिस्क मात्र दोन्ही चालतील, त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

आता मामेभाऊ आणि मैत्रीण.

मामेभावाच्या म्हणण्याला पहिला अडथळा तुझं कॅबिनेटच घालतं. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४चा. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये खुशाल बसतो, उलटं जमत नाही. एक्स६७०ईचे जवळजवळ सगळे बोर्ड एटीएक्स किंवा त्याहून मोठे. तेव्हा त्याचा सल्ला मानायचा तर कॅबिनेट बदलावं लागेल. पण एवढ्यावर विषय संपवला तर तुझ्या मनात रुखरुख राहील की जागा असती तर तोच बोर्ड चांगला होता. म्हणून जरा आत शिरू.

एक्स६७० म्हणजे काय? मधल्या फळीतल्या बी६५० बोर्डात यूएसबी, डिस्क वगैरे सांभाळणारी जी चिपसेटची चिप असते, तशाच दोन चिप एकीला दुसरी जोडून बसवलेल्या. त्यामुळे यूएसबी, साटा (हार्ड डिस्कची जोडणी), जादा एम.२ (चपट्या एसएसडीचे) स्लॉट यांची संख्या वाढते. पण पहिली चिप प्रोसेसरला जोडली जाते ती पीसीआय एक्स्प्रेस ४.० या जलद मार्गाच्या चार लेनमधूनच, जशी बी६५०ची जोडली जाते. नळ तोच, तोट्या तेवढ्या वाढल्या. पाच-सहा एसएसडी, कॅप्चर कार्ड आणि वर दहा यूएसबी उपकरणं लावणाऱ्याला त्या तोट्या लागतात. तुझ्या पत्रात तसलं काही दिसत नाही. नावातल्या 'ई'चा अर्थ ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटलाही पीसीआय एक्स्प्रेस ५.० मिळतो असा. साध्या बी६५०वर तो ४.० असतो आणि सोळा लेनच्या ४.० स्लॉटवर आजची तगडी कार्डंसुद्धा जाणवेल इतकी मागे पडत नाहीत.

राहिली दहा वर्षांची गोष्ट. पुढे जाऊन नवा प्रोसेसर त्याच बोर्डावर चढेल की नाही, हे ठरतं सॉकेटवर आणि कंपनी नवं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) देत राहते की नाही त्यावर. चिपसेटच्या थोरवीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. एएम४चा इतिहास बघ. २०१७मध्ये पहिले रायझन आले तेव्हाच्या बी३५० या मधल्या फळीतल्या बोर्डांपैकी पुष्कळांना २०२२मध्ये बायोसमधून रायझन ५००० मालिकेचा सपोर्ट मिळाला. त्याच वर्षी आलेला ५८००एक्स३डी प्रोसेसरही त्यांवर चालला. ज्यांनी त्या वेळी वरचा एक्स३७० घेतला होता, त्यांनाही तेच मिळालं, वेगळं काही नाही. एएम५ २०२२मध्ये आलं आणि २०२७पर्यंत व त्यापुढेही ते चालू ठेवू, असं एएमडीने जाहीर केलंय. ते आश्वासन बी६५०लाही तितकंच लागू आहे. मामेभावाला हे सांगून बघ, त्याचं म्हणणं काय ते मलाही कळव.

मैत्रीण बरीचशी बरोबर आहे. त्याच प्रोसेसरवर, त्याच रॅमवर, साध्या आणि भारी बोर्डात व्हिडिओ एक्स्पोर्टला लागणारा वेळ जवळपास सारखाच येतो. पण सगळ्यात साधा, म्हणजे ए६२०, घेण्याआधी मी थबकेन. ए६२०वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही, ते सोड, तुला करायचंही नसेल. प्रश्न व्हीआरएमचा आहे. एसएमपीएसकडून (वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) येणारे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला हवे तेवढे, एक-सव्वा व्होल्टच्या आसपास, करून देणारी ही बोर्डावरची यंत्रणा. सॉकेटभोवती चौकोनी तुकड्यांच्या रांगा दिसतात त्या हिच्या. ७६००ची नोंदलेली क्षमता ६५ वॅटची, पूर्ण भाराला सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत ओढतो. एवढं ए६२०सुद्धा निभावून नेईल. पण उद्या तुझं एडिटिंगचं काम वाढलं आणि १२ किंवा १६ कोअरचा प्रोसेसर टाकावासा वाटला तर? १६ कोअरचा ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत जातो. व्हीआरएमवर हीटसिंकसुद्धा नसलेल्या बोर्डावर ते तापलं की प्रोसेसर वेग आवरता घेतो आणि तासाभराचं एक्स्पोर्ट रेंगाळतं. शिवाय बऱ्याच ए६२० बोर्डांवर रॅमचे स्लॉट दोनच आणि एम.२ स्लॉट एकच असतो.

माझा कल मग मधल्या फळीकडे: मायक्रो-एटीएक्स आकारातला बी६५० किंवा बी८५०. दोन्हींच्या मुळाशी चिप एकाच जातीची आहे; बी८५०वर एसएसडीसाठी पीसीआय एक्स्प्रेस ५.०चा स्लॉट हमखास मिळतो, बी६५०वर तो बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर. जो बेताच्या पैशात बसेल तो घे. बी८४० मात्र टाळ. आकडा बी६५०पेक्षा मोठा दिसतो, पण कुवत खालची आहे, प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगसुद्धा त्यावर नाही. अशी नावं ठेवणाऱ्यांना गिऱ्हाइकाने गोंधळावं असंच वाटत असावं.

या फळीतही डझनभर बोर्ड समोर येतील. तिथे मी एकच कसोटी लावते: नंतर जे जोडता येणार नाही, त्यासाठीच बोर्डात पैसा घालायचा. वायफाय नसेल तर पुढे कार्ड लावून किंवा यूएसबीवर घेता येतं. आवाज पसंत पडला नाही तर बाहेरून यूएसबी साउंड कार्ड लागतं, आणि एडिटिंग करणाऱ्याने ते पुढेमागे घ्यावंच. २.५ गिगाबिटचा लॅन पोर्ट यादीत छान दिसतो, पण पलीकडचा राउटर १ गिगाबिटचा असेल तर त्याचा उपयोग शून्य. दिव्यांच्या रोषणाईबद्दल मी काही बोलत नाही. याउलट व्हीआरएम, रॅमचे स्लॉट, मागच्या बाजूचे पोर्ट, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांसाठीच्या पिना आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण, या गोष्टी पहिल्या दिवशी जशा आल्या तशाच शेवटपर्यंत राहतात.

रॅमचे चार स्लॉट असलेला बोर्ड मिळाला तर बरा, पण 'आत्ता दोन टाकते, पुढे आणखी दोन टाकेन' असा हिशोब डीडीआर५वर नीट जुळत नाही. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीचा स्वतःचा अधिकृत वेगाचा आकडा दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० आहे. चार लावल्या की वेग इतका खाली येऊ शकतो. म्हणून लागेल तेवढी रॅम पहिल्यांदाच दोन स्टिकमध्ये घे आणि चार स्लॉटच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लाव. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी लावणं ही नवख्यांची ठरलेली चूक. कॉम्प्युटर चालू होतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही की दोन्ही स्टिक एकाच चॅनलवर, म्हणजे रॅमच्या दोनपैकी एकाच वाटेवर, अडकल्यात.

मागचे पोर्ट मोजताना आपल्या टेबलावरच्या वस्तू मोज: कीबोर्ड, माउस, मायक्रोफोन, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क, हेडफोन. त्यावर दोन शिल्लक हवेत. यूएसबीच्या नावांचा तर उकिरडा झालाय. ३.२ जेन १ म्हणजे ५ गिगाबिट, जेन २ म्हणजे १०, जेन २ बाय २ म्हणजे २०. टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार, त्यावरून वेग कळत नाही. कॅमेऱ्यातलं फुटेज उतरवायला १० गिगाबिटचा एक तरी पोर्ट असावा.

तू ग्राफिक्स कार्ड नंतर घेणार आहेस, हे ७६००मुळे जमून जातं. त्याच्या पोटात लहानशी ग्राफिक्स चिप आहे, त्यामुळे तोवर मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमध्ये लावायची. तुझ्या मॉनिटरला चालणारा पोर्ट बोर्डावर आहे ना, तेवढं बघ. कार्ड आल्यावर केबल तिकडे हलवायची. नावापुढे 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये, जसा ७५००एफ, ही चिप नसते आणि बोर्डावर एचडीएमआय असूनही पडदा काळाच राहतो.

कॅबिनेटच्या आतल्या वायरी एकदा उलगडून बघ. पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर त्याच्या वायरीला बोर्डावर वेगळं, चपटं सॉकेट लागतं आणि काही बी६५०वर ते नसतं. पोर्ट मग शोभेचा. पंख्यांसाठी चार पिनांची जोडणी किती ठिकाणी आहे, तेही त्याच वेळी बघून घे.

आता हार्ड डिस्क. दोन साटा पोर्ट कुठल्याही बोर्डावर मिळतील, बी६५०वर बहुधा चार असतात. पण काही बोर्डांवर एखाद्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी घातली की एखादा साटा पोर्ट बंद पडतो किंवा खालचा विस्तार स्लॉट मरतो, कारण दोघांच्या वाट्याला त्याच लेन आलेल्या असतात. हे जाहिरातीत नसतं. बोर्डाच्या साइटवरच्या तपशिलात तळटीप म्हणून असतं, नाहीतर मॅन्युअलमध्ये. बोर्ड विकत घ्यायच्या आधीच त्याचं मॅन्युअल उतरवून घे. फुकट मिळतं. एम.२चा तक्ता आणि पोर्टांचं चित्र एवढी दोन पानं वाचलीस तरी पुरे. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू प्रोजेक्टचं फुटेज एनव्हीएमई, म्हणजे एम.२ स्लॉटमधल्या वेगवान, एसएसडीवर ठेव, जुन्या हार्ड डिस्कवर संपलेली कामं टाक. पीसीआय एक्स्प्रेस ४.०ची एसएसडी सेकंदाला ७ जीबीच्या आसपास वाचते. ५.०ची त्याहून वेगवान असते, पण टाइमलाइनवर कात्री चालवताना तो फरक हाताला लागत नाही.

त्याच साइटवर 'सीपीयू सपोर्ट लिस्ट' असते. तुझ्या प्रोसेसरच्या ओळीत किमान बायोस कुठला लागतो ते दिलेलं असतं. ७६०० जानेवारी २०२३पासून बाजारात आहे, त्यामुळे नव्या बोर्डावर तो अडण्याची शक्यता कमीच. तरीही फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घे, असं मी आग्रहाने सांगेन. पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करायचा, बायोसची फाइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नावाने त्यावर ठेवायची, ठरलेल्या यूएसबी पोर्टात लावून बटण दाबायचं. प्रोसेसर, रॅम काही न लावताही बायोस बदलतो. अपडेट अर्धवट राहून बोर्ड मुका झाला, तर सुटकेचा हाच रस्ता.

बायोस अपडेटला घाबरून तो टाळत बसायचे दिवस गेले. एप्रिल २०२३मध्ये एएम५वर काही ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याची प्रकरणं पुढे आली, तेव्हा प्रोसेसरच्या एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे नवे बायोस आले. तुझा प्रोसेसर त्या मालिकेतला नाही. पण तुझ्या हाती येणारा बोर्ड त्याआधीपासून गोदामात पडून असू शकतो. म्हणून आधी बायोस नवा कर, मग रॅमचं एक्स्पो (पाकिटावरचा वेग देणारं बायोसमधलं सेटिंग) चालू कर. एक्स्पो चालू केल्याशिवाय ६०००ची म्हणून घेतलेली रॅम बहुतेक वेळा ४८००नेच धावते. विंडोज ११साठी वेगळं टीपीएम (सुरक्षेच्या चिपचं) मॉड्यूल घ्यायला कुणी सांगितलं तर घेऊ नकोस, ते प्रोसेसरमध्येच आहे, बायोसमध्ये एफटीपीएम नावाने दिसेल.

नावं वाचताना शेवटची अक्षरं जपून वाच. 'एम' म्हणजे साधारणपणे मायक्रो-एटीएक्स, 'वायफाय' किंवा 'एएक्स' असेल तर वायफाय आत आहे. एकाच नावाचे, वायफायवाले आणि बिनवायफायचे, दोन बोर्ड सर्रास असतात. काहींच्या कोपऱ्यात 'रिव्हिजन १.१' असं बारीक छापलेलं असतं. मॅन्युअल आणि बायोस त्याच रिव्हिजनचं उतरव.

दोन बोर्ड सगळ्या बाबतीत सारखे वाटले तर ज्यावर चार छोटे एलईडी असतील तो उचल: सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. चालू होताना कुठे अडलंय ते या दिव्यांवरून कळतं. पहिला कॉम्प्युटर जोडणाऱ्याला याहून उपयोगी सोय नाही. फक्त एक लक्षात ठेव, एएम५वर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची चाचपणी करतो. डीरॅमचा दिवा पेटलेला आणि पडदा काळा, अशी काही मिनिटं जाऊ शकतात. घाबरून बटण दाबून बंद करू नकोस.

जोडताना बोर्डाशी संबंधित दोन-चार गोष्टी सांगून ठेवते. ७६००सोबत डब्यात आलेला कूलर बसवण्याआधी सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे कंस स्क्रू काढून बाजूला करावे लागतात. बोर्डामागची पट्टी एएम५वर जागेवरच राहते. एम.२च्या हीटसिंकखालच्या पॅडवर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते सोल. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांशी जुळतायत ना ते बघ, एखादा भलत्या जागी राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होईल. एसएमपीएसची प्रोसेसरसाठीची ८ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल दिसायला सारख्या असल्या तरी वेगळ्या आहेत; पहिलीवर 'सीपीयू' लिहिलेलं असतं.

आणि कॅबिनेटमध्ये काही घालायच्या आधी बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवून, फक्त प्रोसेसर, कूलर, रॅम लावून एकदा चालू करून बघ. बायोसचा पडदा दिसला की पुढे जा. प्रोसेसर बसवताना सॉकेटच्या पिनांना बोट लावू नकोस, एएम५मध्ये त्या बोर्डावर असतात आणि वाकल्या तर वॉरंटीत सहसा धरत नाहीत. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण दांडी लावताना आपोआप उडतं. ते डब्यात जपून ठेव. बोर्ड कधी वॉरंटीत परत पाठवायचा झाला तर ते लावूनच पाठवावा लागतो.

– ताई